भाडेकरू मेहुणा आणि भिंतीतली जाळी

वाचकाचं पत्र (ओळख लपवून, थोडक्यात)

आम्ही बरीच वर्षं इंग्लंडमध्ये काढून पुण्याला परतलो. रेडिंगमधलं आमचं जुनं टेरेस्ड (रांगेतलं, भिंतीला भिंत लागून असलेलं) घर विकलं नाही, आधी एजंटमार्फत भाड्याने दिलं. पुढे पत्नीचा मावसभाऊ नोकरीसाठी तिकडे गेला. त्याला घर मिळेना, म्हणून बाजारभावाच्या जवळपास निम्म्या भाड्यात आमचंच घर दिलं आणि एजंट बंद केला. गॅसची वार्षिक तपासणी आधी एजंट करून घ्यायचा. तिची मुदत नोव्हेंबरात संपली. मी दोनदा इंजिनिअर ठरवला, दोन्ही वेळा मेहुण्याने टाळलं. एकदा बाळ झोपलं होतं, एकदा ऑफिसचं काम. वर म्हणाला, “भावोजी, आपल्याच माणसांत इन्स्पेक्शन कसलं? बॉयलर मस्त चाललाय.” जरा जोर दिला तर मावशींचा फोन आला, “पोरांना घराबाहेर काढायचा विचार आहे का?” पत्नी म्हणते, सोडून द्या. बॉयलर सहा वर्षांचा आहे, त्याला दहा वर्षांची वॉरंटी आहे. मेहुण्याने ओळखीच्या हँडीमनला दाखवला, तोही ठीक म्हणाला. हीटिंगचं बिल फार येतं म्हणून ते तिघं थंडीत हॉलमधली गॅस फायर (गॅसवर जळणारी शेकोटी) लावून हॉलमध्येच झोपतात. वारा येतो म्हणून भिंतीतली जाळीही कापड कोंबून बुजवली आहे आणि आता घर छान उबदार राहतं, असं तो सांगतो. त्याच्या बायकोला मात्र तिथली हवा मानवत नाही, संध्याकाळी डोकं दुखतं. मध्ये चार दिवस मैत्रिणीकडे गेली होती तेव्हा बरी होती. माझा प्रश्न असा, की नात्यात कटुता न आणता ही तपासणी कशी करून घ्यावी? की एवढं ताणण्यासारखं यात काही नाहीच?

उत्तर

तुमचं पत्र ज्या दिवशी आलं त्याच दिवशी मी तुम्हाला ईमेल केली होती. सदर छापून येईपर्यंत थांबण्यासारखं ते पत्र नव्हतं. तुम्ही लगेच मेहुण्याला फोन केलात, त्याने गॅस फायर बंद केली आणि जाळीतलं कापड काढलं, असं तुम्ही कळवलंत. बरं केलंत. आता सावकाश बोलू, कारण अशी पत्रं मला दर हिवाळ्यात येतात आणि त्या सगळ्यांत खरी गोष्ट अशीच शेवटी, जाता जाता लिहिलेली असते.

तुमचा प्रश्न तपासणीचा होता. मी अडकले ती डोकेदुखीवर. माणूस घरात असला की डोकं दुखतं, बाहेर गेला की बरं वाटतं, घरी परतला की पुन्हा तेच. हे ऐकलं की इंग्लंडमधला कुठलाही गॅस इंजिनिअर हातातला चहा खाली ठेवतो. सोबत गरगरणं, मळमळ, थकवा, विसरल्यासारखं होणं, असं काहीही असू शकतं. ही कार्बन मोनॉक्साइडची लक्षणं आहेत. ती साध्या सर्दीतापासारखीच वाटतात आणि म्हणूनच फसवतात. हे तेच असेल असं मी म्हणत नाही. मायग्रेन असेल, तान्ह्या बाळापायी झालेली अपुरी झोप असेल, चार वाजताच अंधार पडणाऱ्या त्या दिवसांचा परिणाम असेल. पण हे सगळं धरून चालायचं ते कार्बन मोनॉक्साइड नाही हे कळल्यावर, त्याआधी नाही.

हे होतं कसं, ते समजून घ्या. गॅस नीट जळायला भरपूर हवा लागते. हवा कमी पडली की ज्वलन अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. हॉलमधल्या जुन्या पद्धतीच्या गॅस फायर जळण्यासाठी हवा खोलीतूनच घेतात आणि धूर चिमणीतून वर सोडतात. तुमच्या टेरेस्ड घराची चिमणी शंभर वर्षांची असेल. वर पक्ष्यांनी घरटं केलं, आतून विटांचा चुरा पडला, की धुराची वाट अडते आणि तो खोलीत परततो. भिंतीतली ती जाळी बहुतेक याच फायरला हवा मिळावी म्हणून बसवलेली असणार. शोभेच्या कोळशांवर ज्वाळा दाखवणाऱ्या फायरला तर ती सहसा लागतेच. मेहुणा वारा अडवायला गेला आणि आगीची हवाच अडवली. त्यात तिघं तिथेच झोपणार, म्हणजे रात्रभर तीच हवा. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, त्यामुळे शरीराला हळूहळू ऑक्सिजन मिळेनासा होतो आणि माणसाला झोप येतेय एवढंच वाटतं. दिवसभर ऑफिसात असणाऱ्या नवऱ्यापेक्षा घरात राहणाऱ्या आईला आणि बाळाला तो जास्त बाधणार, हे उघड आहे.

“पण गॅसचा वास तर येत नाही,” असं तुम्ही ईमेलच्या उत्तरात लिहिलंत. आपल्याकडच्या माणसाची ही पक्की समजूत आहे. सिलिंडरच्या घरात वाढलेलो आपण, गॅसची भीती म्हणजे वास. पण तो वास गळती कळावी म्हणून गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेला असतो. इंग्लंडच्या पाइपातल्या गॅसमध्येही मिसळतात. जळल्यावर तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग, ना चव. पुण्या-मुंबईत बंद बाथरूममधल्या गॅस गिझरमुळे माणसं गेल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्या याच वायूच्या. तिथेही कुणाला वास आलेला नसतो.

तेव्हा अशी शंका आली की क्रम असा ठेवायचा. गॅसची उपकरणं बंद, दारं-खिडक्या उघड्या, माणसं बाहेर, मग ०८०० १११ ९९९ या राष्ट्रीय गॅस इमर्जन्सी क्रमांकावर फोन. हा क्रमांक इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये चोवीस तास मोफत चालतो. फोन तिथल्या माणसानेच करायचा, पुण्याहून तुम्ही नव्हे. ते येऊन धोका थांबवतात, उपकरण दुरुस्त करून देत नाहीत. आणि डॉक्टरकडे जाताना “डोकं दुखतंय” एवढंच सांगायचं नाही, “घरात कार्बन मोनॉक्साइड असण्याची शंका आहे” असं स्पष्ट सांगायचं. रक्ताची तपासणी लवकर झाली तरच उपयोगी पडते, मोकळ्या हवेत काही तास गेले की आकडा उतरतो. कुणी बेशुद्ध पडलं, छातीत दुखलं, तर सरळ ९९९, म्हणजे तिथला आणीबाणीचा क्रमांक.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. त्यात तुम्ही काही गोष्टी गृहीत धरल्या आहेत, त्या एकेक उचलून बघू.

तुम्ही बॉयलरबद्दल खूप लिहिलंत. सहा वर्षांचा, वॉरंटीतला, मस्त चालणारा. मान्य. पण हल्लीचे कॉम्बी (हीटिंग आणि गरम पाणी दोन्ही देणारे) बॉयलर बंद पेटीसारखे असतात, हवा बाहेरून घेतात आणि धूरही बाहेरच सोडतात. हॉलमधली जाळी बुजवली काय, उघडी ठेवली काय, बॉयलरला त्याचं सोयरसुतक नाही. म्हणजे “बॉयलर मस्त चाललाय” हे वाक्य शंभर टक्के खरं असून गॅस फायरबद्दल काहीच सांगत नाही. मालकाने घरात ठेवलेलं गॅसचं प्रत्येक उपकरण आणि त्याचा धुराडा, दोन्ही वार्षिक तपासणीत येतात. फायर तुमची, म्हणून तीही तुमच्याच माथ्यावर. भाडेकरूने स्वतःची शेगडी आणली असेल तर तिची वार्षिक तपासणी तुमच्यावर येत नाही, पण तिथपर्यंत जाणारा पाइप तुमचा आणि तो धड ठेवणं तुमचं काम. इंजिनिअर आलाच आहे तर त्याला पाइपांची गळतीही बघायला सांगा. नुसत्या कायद्याच्या तपासणीत ती धरलेली असतेच असं नाही.

वॉरंटीचं म्हणाल तर तिचा कागद काढून वाचा. बहुतेक कंपन्यांची अट असते की दरवर्षी सर्व्हिसिंग झालं पाहिजे, नाहीतर दहा वर्षांची वॉरंटी नुसती नावाला. आणि सर्व्हिसिंग झालं म्हणजे सुरक्षा तपासणी झाली असंही नाही. सर्व्हिसिंगमध्ये यंत्र उघडून साफ करतात, झिजलेलं बदलतात. तपासणीत गॅसचा दाब किंवा ज्वलनाचं प्रमाण, हवेचा पुरवठा, धुराची वाट आणि आपोआप बंद होणारी सुरक्षा साधनं ठीक आहेत का ते पाहतात. दोन्ही एकाच फेरीत करून घेता येतात, पण तसं आधी सांगावं लागतं.

आता तो हँडीमन. तो भला माणूस असेल, नळ छान बसवत असेल. पण ब्रिटनमध्ये गॅसच्या कामाला हात लावायचा तर ‘गॅस सेफ रजिस्टर’मध्ये नाव हवं. २००९ च्या एप्रिलमध्ये कोर्गी या जुन्या नोंदणीची जागा हिने घेतली. आपल्यातले जुने लोक अजून “कोर्गी सर्टिफिकेट” म्हणतात, चालायचंच. इंजिनिअर दारात आला की त्याचं ओळखपत्र मागायचं. पुढे फोटो, परवाना क्रमांक आणि मुदत असते. बहुतेक लोक तिथेच थांबतात, पण खरी माहिती मागच्या बाजूला असते: हा माणूस कुठल्या कामांसाठी पात्र आहे. बॉयलरची पात्रता असलेल्याला गॅस फायरची असेलच असं नाही. तुमच्या घरात दोन्ही आहेत, म्हणून ठरवतानाच विचारा. मेहुण्याला ओळखपत्र मागायला संकोच वाटत असेल तर परवाना क्रमांक तुम्ही आधीच घेऊन पुण्यातूनच वेबसाइटवर तपासा.

“घरातल्याच माणसाला दिलंय” या कारणाला कायद्यात जागा नाही. गॅस सेफ्टी (इन्स्टॉलेशन अँड यूज) रेग्युलेशन्स १९९८, त्यातला ३६ वा नियम. भाडं घेऊन घर राहायला दिलं की दर बारा महिन्यांत तपासणी आणि तिची नोंद, मग भाडेकरू परका असो की पत्नीचा मावसभाऊ. भाडं बाजारभावाच्या निम्मं असलं तरी ते भाडंच आहे. तुम्ही पुण्यात राहता म्हणून सुटका नाही. पुन्हा एजंट नेमलात तरी त्याच्या करारात गॅसच्या तपासणीची जबाबदारी स्पष्ट लिहिलेली नसेल तर बोट तुमच्याकडेच वळणार. हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह ही तिथली सरकारी सुरक्षा यंत्रणा याच्या मागे लागते आणि प्रकरण कोर्टात गेलं तर दंडाला वरची मर्यादा नाही, कैदही होऊ शकते. घरमालकाच्या विम्याच्या अनेक पॉलिसींतही हीच अट असते, तुमची एकदा उघडून बघा. हे सगळं मी तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. साठ ते शंभर पौंडांच्या तपासणीसाठी माणसं हे का अंगावर घेतात, हे मला खरोखर कळत नाही.

पण मला वाटतं तुमची अडचण पैशाची नाहीच, कायद्याचीही नाही. अडचण त्या निम्म्या भाड्यात आहे.

तुम्ही मेहुण्याला अडीअडचणीला घर दिलंत, हे चांगलंच केलंत. पण त्या क्षणापासून तुमच्या मनात तुम्ही देणारे झालात आणि तो घेणारा. देणाऱ्याने आणखी काही मागायचं तर त्याला संकोच वाटतो, म्हणून तुम्ही तपासणीबद्दल असं बोलता की जणू तुम्हीच त्याच्याकडे मेहरबानी मागताय. घेणाऱ्याचं त्याहून वाईट. निम्म्या भाड्यात राहणारा माणूस तक्रार करत नाही. खिडकी लागत नाही, वारा येतो, हीटिंगचं बिल झेपत नाही, हे तो कुठल्या तोंडाने सांगणार? म्हणून त्याने कापडाचा बोळा केला आणि जाळीत कोंबला. परका भाडेकरू असता तर पहिल्याच थंडीत एजंटला चार ईमेल गेल्या असत्या आणि तुम्हाला पुण्यात बसून सगळं कळलं असतं. इथे त्याच्या बायकोचं डोकं दुखतंय हे तुमच्यापर्यंत आलं तेही ‘हवा मानवत नाही’ या नावाने. रेडिंगची हवा आजवर कुणाला मानवलीय, असं म्हणून आपण हसून सोडून देतो.

तेव्हा त्याच्या नकाराचा अर्थ आळस असा लावू नका. मावशींचा फोन नीट ऐका, त्यात उत्तर आहे. “घराबाहेर काढायचा विचार आहे का?” ही भीती त्यांच्या डोक्यात आपोआप आलेली नाही, मेहुण्याकडून आली आहे. इतके दिवस कुणी आलं नाही आणि आता भावोजी अचानक माणूस पाठवतायत, म्हणजे भाडं वाढवणार किंवा घर विकणार, असा त्याने तर्क केला असणार. शिवाय तिघं हॉलमध्ये गाद्या घालून झोपतात, भिंतीत कापड कोंबलंय. हे सगळं एका अनोळखी माणसाने बघून तुम्हाला कळवायचं, यात त्याला ओशाळं वाटणारच.

ही भीती काढायची तर तपासणीच्या विषयात बाकीचं काही मिसळू नका. भाडं, मुदत, घराचं पुढे काय, हे दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या फोनवर. आणि फोनवर बोललात तरी नंतर लेखी पाठवाच. साधारण असं:

“घरातली गॅस फायर आणि बॉयलर तपासून घेणं ही मालक म्हणून माझी जबाबदारी आहे आणि ती नोव्हेंबरपासून माझ्याकडून राहिली आहे. खर्च माझा. माणूस फक्त गॅसची उपकरणं बघेल, घर कसं ठेवलंय हे बघायला तो येत नाही. बाळाच्या झोपेच्या वेळा कळव, त्या सोडून तुला सोयीचे दोन दिवस दे, शनिवार असला तरी चालेल. तपासणी होईपर्यंत फायर लावू नका. तोवर विजेचा हीटर मी मागवतो आणि त्याचं जादा बिलही मी देतो. याचा तुमच्या राहण्याशी किंवा भाड्याशी काही संबंध नाही.”

शेवटचं वाक्य खरं असेल तरच लिहा. सहा महिन्यांत घर विकायचं मनात असेल तर ते वाक्य गाळा. पुढे ते तुमच्या तोंडावर फेकलं जाईल.

आणि तरीही त्याने टाळलं तर? कायदा तुम्हाला “सर्व वाजवी प्रयत्न” करायला सांगतो. हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्हच्या मार्गदर्शनानुसार प्रयत्न निदान तीन तरी व्हायला हवेत आणि त्यांची नोंद हवी: इंजिनिअर आला होता अशी चिठ्ठी, ही तपासणी कायद्याने बंधनकारक आणि तुमच्याच सुरक्षेसाठी आहे असं सांगणारं पत्र, तारखा. तुमच्या खाती सध्या दोन रद्द झालेल्या भेटी आहेत आणि त्याही बहुधा व्हॉट्सॅप कॉलवर. त्याची नोंद कुठे आहे? आजपासून लिहून ठेवायला लागा. मात्र एक लक्षात घ्या, दुसरी किल्ली तुमच्याकडे आहे म्हणून ती इंजिनिअरला देऊन परस्पर घरात घुसवायचं नाही. घर तुमचं असलं तरी राहतं घर त्याचं आहे. जबरदस्तीने आत शिरण्याचा हक्क हे नियम मालकाला देत नाहीत. अगदीच हट्टाला पेटला तर वकिलामार्फत कोर्टाकडून प्रवेशाचा आदेश मिळवता येतो, पण तिथवर जावं लागेल असं मला वाटत नाही.

तुम्ही ईमेलमध्ये “नाहीतर नोटीस देऊन मोकळा होतो” असंही लिहिलंत. तो राग होता, विचार नव्हे, असं मी धरते. तरी माहितीसाठी सांगते: इंग्लंडमध्ये कारण न देता घर रिकामं करायला लावणारी कलम २१ ची नोटीस २०२५ च्या रेंटर्स राइट्स कायद्याने मोडीत काढली आहे, १ मे २०२६ ही त्याची तारीख. आणि जुन्या व्यवस्थेतही गॅसचा कागद भाडेकरूला न देता ती नोटीस काढणारे मालक कोर्टात तोंडघशी पडत. तेव्हा तो रस्ता तसाही तुमच्या कामाचा नाही.

माझं मत विचाराल तर तुम्ही गॅस फायरच काढून टाका. इंजिनिअर तपासणीला येईल तेव्हा त्याच्याकडूनच तिचा पुरवठा कायमचा बंद करून घ्या. हॉल झोपायला वापरला जातो तेव्हा तिथल्या गॅसच्या उपकरणाचे नियम आणखी कडक होतात आणि जुनी फायर त्यात बसेलच याची खात्री नाही. ती गेली की तपासायला फक्त बॉयलर उरतो, चिमणीची काळजी मिटते, आणि ती जाळी बंद करायला हरकत नाही ना हेही त्याच फेरीत इंजिनिअरला विचारता येतं. मेहुण्याला हवं होतं ते नेमकं हेच, फक्त योग्य क्रमाने. फायर ठेवायचीच असेल तर वारा अडवून हवा सोडणाऱ्या जाळ्या मिळतात, तशी बसवा. आणि हॉलमध्ये झोपायची वेळ त्यांच्यावर का आली त्याकडेही बघा. खिडक्यांच्या फटी बुजवणं, रेडिएटरना प्रत्येक खोलीची उष्णता वेगळी ठेवणारे व्हॉल्व्ह बसवणं, माळ्यावर इन्सुलेशन घालणं, यावर खर्च केलात तर कमी भाड्यापेक्षा त्यांना त्याचा जास्त उपयोग होईल.

एजंट पुन्हा नेमावा का? नेमा, असं मी म्हणेन, निदान तपासण्या आणि दुरुस्त्यांपुरता. आपल्यात एजंट म्हणजे फुकटचा खर्च असं मानतात. पण मेहुण्याला खिडकी लागत नाही हे तुम्हाला सांगणं जड जातं, एजंटला जाणार नाही. “शनिवारी माणूस येतोय” हेही एजंटने सांगितलं तर त्यात मावशी येत नाहीत.

कागदपत्रांचं थोडं. तपासणीची नोंद झाल्यापासून २८ दिवसांत भाडेकरूला प्रत द्यायची. नवा भाडेकरू असेल तर तो राहायला येण्याआधीच. दोन वर्षांच्या नोंदी जपून ठेवा. २०१८ पासून एक सोय आहे: मुदत संपायच्या आधीच्या दोन महिन्यांत तपासणी केली तरी पुढची तारीख जुन्याच तारखेपासून मोजली जाते, म्हणजे लवकर केल्याने दिवस वाया जात नाहीत. तुमची मुदत टळून गेलेली असल्याने आता नव्या तपासणीच्या दिवसापासून वर्ष धरलं जाईल. कुणी “मागची तारीख टाकून देतो” म्हणालं तर त्याला दारातूनच परत पाठवा. मधला कोरा काळ दिसला तर दिसू दे. इंजिनिअरला काही धोकादायक आढळलं तर तो तसा शेरा देईल, कदाचित उपकरण तिथल्या तिथे बंद करेल. त्यावर त्याच्याशी वाद नको आणि मेहुण्याने परस्पर ते सुरू करायचं नाही, हे त्याला आधीच सांगून ठेवा.

आणि अलार्म. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२२ पासून, गॅसची शेगडी सोडून जळणारं कुठलंही कायमचं बसवलेलं उपकरण ज्या राहत्या खोलीत आहे तिथे कार्बन मोनॉक्साइड अलार्म मालकाने लावायचा असतो. न लावल्यास स्थानिक कौन्सिल पाच हजार पौंडांपर्यंत दंड करू शकते. तुमच्या हॉलमध्ये तो आहे का, हे पत्रात नाही. धुराचा अलार्म वेगळा, तो मजल्यागणिक एक लागतो. धुराच्या अलार्मला हा वायू कळत नाही, त्यामुळे एक आहे म्हणून दुसरा टाळू नका. तपासणीची वाट न बघता आजच ऑनलाइन मागवून मेहुण्याच्या पत्त्यावर पाठवा. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये अलार्मचे नियम वेगळे आहेत, पण लावावा तर तिथेही लागतो. गॅसच्या तपासणीचा नियम तिन्हीकडे एकच आहे.

हे सदर भाडेकरूही वाचतात, म्हणून त्यांच्यासाठी. विद्यार्थी म्हणून, नव्या नोकरीवर म्हणून ब्रिटनमध्ये आलेल्या कुणीही घराची किल्ली घेतानाच गॅसच्या तपासणीचा कागद मागावा. आपल्याच मंडळींचं घर असलं तर जास्त आठवणीने मागावा, कारण तिथेच तो नसण्याची शक्यता जास्त, हा माझा अनुभव आहे. ज्वाळा निळीऐवजी पिवळी, आळसावलेली दिसते, फायरच्या आजूबाजूच्या भिंतीवर काळपट डाग पडतात, खिडक्यांवर नेहमीपेक्षा जास्त ओल धरते, पायलट (आतली सतत जळणारी छोटी ज्योत) सारखा विझतो, यातलं काहीही दिसलं तर उपकरण बंद करा आणि मालकाला लेखी कळवा. वारंवार सांगूनही मालक तपासणी करून देत नसेल तर हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्हकडे तक्रार करता येते, त्यासाठी वकील लागत नाही.

राहिल्या मावशी. त्यांना फोन तुम्ही करू नका, तुमच्या पत्नीने करू दे. “सोडून द्या” असं पत्नी म्हणाल्या ते डोकेदुखी आणि जाळी यांचा संबंध माहीत नसताना. आता त्यांना तो सांगा. मावशींशी बोलताना कायदा, दंड, सर्टिफिकेट काही काढायचं नाही. नातवाच्या खोलीत धूर साचतोय की काय याची शंका आहे, माणूस पाठवलाय, तो येईल त्या दिवशी सुनेला आणि बाळाला घरी थांबायला सांग आणि दार उघडायला लाव, एवढंच सांगायचं. पुढचा फोन मावशीच लावतील, आणि तो मेहुण्याला टाळता येणार नाही.